मदत हवी आहे: एप्रिलमध्ये स्वालबार्डला कुत्र्यांच्या स्लेजची मोहीम, मुंबईत राहून तयारी कशी करावी?

सह्यपाखरू
दादरच्या आमच्या गिर्यारोहण गटातली दोन मुलं (वय २१ आणि २३) एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात स्वालबार्डला (उत्तर ध्रुवाकडचा नॉर्वेचा द्वीपसमूह) जाणार आहेत. तिथल्या लाँगइयरब्येन या मुख्य गावाहून निघून ८ दिवस कुत्र्यांची स्लेज, मुक्काम तंबूत. थंडी उणे १० ते उणे २५ धरली आहे. परत आल्यावर शाळाशाळांतून हवामानबदलावर बोलायचं, हा मूळ हेतू. दोघांनी सह्याद्री पालथा घातलाय, पण बर्फ पाहिलेला नाही. हाताशी साडेपाच महिने आहेत. इथल्या दमट हवेत व्यायाम कोणता? कपडे कसले? आणि शाळेत नेमकं काय सांगावं? घरून तुपातले लाडू द्यायचा आग्रह चाललाय, चालतील का?

उत्तरवारा
स्लेजवर बसून जायचं नसतं, हे मुलांना आधी सांगा. मागच्या पट्ट्यांवर उभं राहायचं, सपाटीला एका पायाने रेटत राहायचं, चढ आला की उतरून ढकलत पळायचं. म्हणून दम, मांड्या आणि कंबर कमवायची.

गाडीचा जुना टायर घ्या. साडेतीन-चार मीटर दोर, दुसरं टोक कमरेच्या रुंद पट्ट्याला. खांद्याला बांधलं तर पाठ धरते, आणि दोर आखूड असला तर टायर उचलला जाऊन ओढच लागत नाही. ओहोटीच्या वेळी जुहूच्या ओल्या घट्ट वाळूवर सुरू करा, आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं. महिन्याभराने कोरडी वाळू, जानेवारीपासून दोन टायर. सगळं पहाटे, उन्हं चढायच्या आत.

हातांची तयारी बहुतेकांची राहून जाते. दोर, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), बकल रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा (तिथे साधारण उणे १८ असतं) आणि सकाळी पातळ हातमोजे घालून उघडझाप करा. उघड्या बोटांनी गार धातू धरायचा नाही, कातडी चिकटते. बॉलपेनही ठेवून बघा, शाई थिजते. नोंदींना पेन्सिलच न्या.

आता कुत्री. पडलात तरी स्लेजचा दांडा सोडायचा नाही, हा पहिला नियम. माणूस पडला म्हणून कुत्री थांबत नाहीत. मोकळी स्लेज उताराला शेवटच्या जोडीच्या पायांवर आदळते. उतारावर ब्रेक हलका दाबून कुत्र्यांचा दोर ताणलेला ठेवायचा. तो सैल पडला की एखाद्या कुत्र्याचा पाय अडकतो, तेव्हा लगेच थांबून सोडवायचा. थांबल्यावर स्नो हुक, म्हणजे तो लोखंडी आकडा, पायाने दाबून बर्फात रोवायचा, मगच दांड्यावरून हात काढायचा. पंजांना कापडी बूट घातले तर पट्टा घट्ट नको, रक्त अडतं. मुक्कामाला ते काढायचेच. आणि रात्री कितीही दमलं तरी आधी कुत्र्यांचं पाणी-खाणं, मग आपला चहा.

लोकरमावशी
उणे २५ मध्ये घामच जास्त घात करतो. भिजलेला कपडा थांबल्याबरोबर अंगातली ऊब ओढून घेतो. सुती काहीही नको, आतली बनियनसुद्धा नाही. अंगालगत मेरिनो लोकर, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. थांबलं की जाड पार्का, म्हणजे टोपीवाला लांब कोट. चढ येण्याआधीच एक थर काढायचा, घाम आल्यावर नाही. बूट एक माप मोठे, कारण बोटं आवळली की रक्त पोचत नाही. पार्का आणि बूट बहुतेक आयोजक देतात. लेखी विचारून घ्या, इथे विकत घेऊ नका.

वाऱ्याचा हिशेब मुलांना पाठ हवा: उणे ३० ला ताशी ३० किलोमीटर वारा असला तर उघड्या कातडीला उणे ४६ च्या आसपास जाणवतं. दर वीस मिनिटांनी एकमेकांचे गाल-नाक बघायचे. पांढरा, मेणासारखा डाग दिसला तर उबदार तळवा नुसता टेकवायचा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही.

पाण्याची बाटली उलटी ठेवायची; बर्फ वरून धरतो, बूच मोकळं राहतं. स्टोव्हचे ब्युटेन गॅसचे डबे तिथे निकामी, शून्याच्या जरा खालीच ब्युटेनचा वायू होणं थांबतं. द्रव इंधनाचा स्टोव्ह लागतो, इंधन तिथेच मिळतं.

लाडू राहू द्या. युरोपीय क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे, त्यात तूप अडकेल. शेंगदाण्याची चिक्की न्या, पण नखाएवढे तुकडे करूनच. गोठलेली चिक्की दात मोडेल.

सह्यपाखरू
एकजण पक्का शाकाहारी आहे. अडेल का? आणि पुढे अंटार्क्टिकालाही अशी मोहीम काढता येईल?

उत्तरवारा
त्याचं जेवण जमेल, आधी कळवा. पण कुत्र्यांचं गोठलेलं मांस आणि चरबी कुऱ्हाडीने फोडून वाटावी लागते, ते काम कुणालाच चुकत नाही. आत्ताच त्याच्याशी बोला.
अंटार्क्टिकात कुत्र्यांना १९९४ पासून बंदी आहे. त्यांचे रोग सीलना लागण्याचा धोका होता.

हिमनोंद
शाळेतली एक चूक आधीच टाळा. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. जमिनीवरचा वितळला की वाढते. दोन पेले घ्या. एकात पाण्यावर बर्फ तरंगू द्या, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडावर ठेवा, दोन्हीकडे पाण्याची रेघ आखा. तासाभरात मुलांना फरक दिसतो. मग सांगा, ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सुमारे ७ मीटर चढतील. गिरगाव चौपाटीवर उभ्या राहिलेल्या मुलाला ७ मीटर म्हणजे काय ते लगेच कळतं.

तरंगणाऱ्या बर्फाचं महत्त्व वेगळं आहे. तो ऊन परत फेकतो, काळं पाणी ऊन पितं. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, त्यामागचं हे एक मोठं कारण.

आणि खुद्द मार्ग बघा. स्वालबार्डच्या पश्चिमेचे फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या) २००६ पासून पूर्वीसारखे गोठत नाहीत, अटलांटिकचं उबदार पाणी आत येतं. जिथून स्लेज सरळ बर्फावरून जायच्या, तिथे आता दरीतून, हिमनदीवरून वळसा पडतो. आपला मार्ग कुठे आणि का वळला, ते तुमच्या दोघांनी नकाशावर रोज लिहावं. शाळेत तो नकाशा लावा. याच द्वीपसमूहात न्यू-ओलेसुंडला २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे, तेही त्यावर दाखवा.

लोकरमावशी
व्हिसाचं राहिलं. स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, पण जाता-येता ओस्लो लागतं. म्हणजे शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश, म्हणून किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागा. एकाच प्रवेशाचा निघाला तर परतीला अडकतील. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मुंबईतल्या तारखा पटापट भरतात. विम्यात शोध आणि बचावाचा खर्च वेगळा लिहून घ्या. व्हिसापुरत्या विम्यात तो असेलच असं नाही.