प्रतिसाद: एका तासाची चाचणी

वर एकांनी लिहिलंय की रोल्स-रॉइसच्या ‘आर’ या शर्यतीच्या विमानांसाठीच्या इंजिनाची चाचणी जेमतेम तासाभराची होती, तिला दमसासाची चाचणी कशाला म्हणायचं? मला हे अजिबात पटत नाही. हा तास पूर्ण ताकदीचा होता. श्नायडर ट्रॉफीच्या, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यतीत इंजिनावर प्रचंड ताण येणार होता, मग रोल्स-रॉइसच्या डर्बीतल्या टेस्ट बेडवर (इंजिन बसवून तपासायच्या चौथऱ्यावर) तरी ते हळू कसं चालवणार? 1929 साली साधारण 1900 हॉर्सपॉवर देणाऱ्या त्याच 37 लिटरच्या इंजिनातून 1931 साली 2350 काढायचे होते. सुपरचार्जरचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाचा) दाब वाढवला की उष्णता वाढते आणि काहीतरी तुटतंच. मग इंजिन पूर्ण उघडायचं, निकामी झालेला भाग मजबूत करायचा, पुन्हा बेडवर चढवायचं. असं महिनोनमहिने चाललं. उडताना मिळणारा वारा जमिनीवर मिळावा म्हणून शेजारी रोल्स-रॉइसचीच केस्ट्रेल नावाची इंजिनं लावून पंखे फिरवायचे. आवाजाची कल्पनाच करवत नाही!

मला सगळ्यात आवडतो तो एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरचा, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेवरचा उपाय. व्हॉल्व्हची दांडी पोकळ ठेवून तिच्यात थोडं सोडियम भरायचं. ते 98 अंशांना वितळतं आणि व्हॉल्व्ह वरखाली होताना आत हिंदकळत तापलेल्या डोक्याकडची उष्णता दांडीत, तिथून गाइडमध्ये (दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) नेतं. ऑगस्ट 1931 मध्ये तो तास अखेर पुरा झाला आणि सप्टेंबरात ट्रॉफी कायमची ब्रिटनकडे गेली. पुढे रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमान इंजिनामध्येही सोडियमचेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आले.