उत्तर: गोदाघाटाचा आराखडा आणि नाशिककर

सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकच्या गोदावरीकाठच्या घाटाचा आराखडा करताना स्थानिकांना विचारायचं का, या चर्चेत एकाने म्हटलंय, ‘२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, प्रत्येकाला विचारत बसलं तर घाटाचं काम व्हायचंच नाही’. वेळ कमी आहे हे मान्य. पण विचारायचं कशासाठी, हे चर्चेत आलंच नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे बातम्यांत कळतं, पण ते घाटावर कुठवर येणार हे आम्ही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून ओळखतो. पाणी मूर्तीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, की सराफ बाजारात माल वर चढवायला सुरुवात होते. २ ऑगस्ट २०१६ ला आमच्या दुकानातला निम्मा माल वाचला तो एवढ्यावरच. शेजारच्या आजोबांनी सकाळीच ओरडून सांगितलं होतं.

आता घाटाची पातळी बदलली, पात्रात नवं बांधकाम आलं, की ही खूणच चुकायला लागेल. बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या बायकांनाही पाणी आधी कुठल्या पायरीवरून वर येतं ते पाठ आहे. आराखडा करणाऱ्यांनी एक पावसाळा त्यांच्याबरोबर घाटावर काढावा, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.