शब्दचर्चा: जंगलातला ‘फायर लूकआऊट’ म्हणजे मनोरा, मचाण की टेहळ्या?

प्रश्न: अमेरिकेतल्या वणव्यांवर मुलांसाठी लेख लिहिते आहे. ‘फायर लूकआऊट’ म्हणजे वणव्याच्या धुरावर नजर ठेवायची जागा, आणि ते काम करणारी व्यक्तीही. त्याला बहुतेक ठिकाणी ‘टेहळणी मनोरा’ म्हटलेलं दिसतं. पण माझं वाक्य आहे, ‘हॅली डॅगेट १९१३ साली अमेरिकी वनखात्याची पहिली स्त्री लूकआऊट झाली.’ बाई मनोरा कशी होईल? काय लिहू?

प्रतिसाद १: ‘जागल्या’ लिहा की. रात्री शेतात जागलीला जातात तोच जागल्या. अस्सल शब्द आहे.

प्रतिसाद २: शब्द सुंदर आहे, पण जागल रात्रीची. या लोकांचं मुख्य काम दिवसा, धूर हेरायचं. शिवाय वर्तमानपत्रांनी ‘जागल्या’ आता भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला दिलाय, मुलांचा गोंधळ होईल. मी ‘टेहळ्या’ म्हणेन. उंचावरून लांबवर नजर ठेवणं म्हणजे टेहळणी, ते करणारा टेहळ्या. स्त्रीसाठी ‘वणव्याची टेहळणी करणारी’ असं सरळ लिहावं.

आणि ‘मनोरा’ शब्दाला माझा खरा आक्षेप इतिहासामुळे आहे. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी मनोरा नव्हताच. उघडं शिखर, नाहीतर शेंड्यापर्यंत शिडी ठोकलेलं एखादं झाड, एवढंच. डॅगेटबाईंची चौकी कॅलिफोर्नियात क्लामथ शिखरावर, एडी गल्च नावाची. तिथे होती लाकडी खोली आणि टेलिफोन. सामान आठवड्यातून एकदा घोड्यावरून यायचं, ते त्यांची बहीण आणायची. पहिल्याच मोसमात त्यांनी चाळीसेक आगी कळवल्या आणि त्यांत मिळून जळालं पाच एकरांहूनही कमी जंगल. बाई एकटी तिथे टिकणार नाही म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही. पुढे १९२७पर्यंत त्या हेच काम करत होत्या.

ही धडपड कशासाठी, तेही लेखात येऊ द्या. २० आणि २१ ऑगस्ट १९१०ला आयडाहो-माँटानात वाऱ्याने वणवे एकवटले. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल गेलं, ऐंशीहून अधिक माणसं मेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली. त्यानंतर धूर लहान असतानाच हेरण्यावर खात्याचा भर वाढला.

प्रतिसाद ३: पण धूर दिसला तरी तो नेमका कुठल्या दरीतून येतोय, हे कसं सांगायचं?

प्रतिसाद २: त्यासाठी ऑस्बोर्न नावाच्या वनाधिकाऱ्याने १९१०च्या दशकात ‘फायर फाइंडर’ बनवलं. गोल चकतीवर नकाशा, कडेला अंश कोरलेले, समोरासमोर दोन दर्शिका, म्हणजे नेम धरायच्या उभ्या पट्ट्या. एकीत घोड्याचा केस उभा ताणलेला. केसाच्या रेषेत धूर धरायचा, अंश वाचायचे, फोन करायचा. दुसऱ्या शिखरावरूनही असेच अंश आले की दोन्ही रेषा नकाशावर छेदतात तिथे आग. याला मराठीत ‘वणवा-दिशादर्शक’ म्हणता येईल, पण मी ‘फायर फाइंडर’च ठेवेन आणि एका वाक्यात समजावेन.

प्रतिसाद ४: मग ‘मचाण’ अजिबात नको?

प्रतिसाद २: मचाण एका ठिकाणी चपखल बसतं, पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या कारी वृक्षांचं रान इतकं उंच, की टेकडीवरूनही पलीकडचं दिसत नाही. म्हणून १९३७ ते १९५२ या काळात उंचच उंच झाडं निवडून, खोडात खुंट्या ठोकून शेंड्यावर टेहळणीच्या खोल्या बांधल्या. पेंबर्टनजवळचं ग्लॉस्टर झाड त्यांतलं, उंची पन्नास मीटरांहून जास्त. आपल्याकडे शेतात राखणीला बांधतात तो माळा ठेंगणा, त्यामुळे ‘माळा’ इथे तोकडा पडतो.

थोडक्यात, माणसाला ‘टेहळ्या’, जागेला ‘टेहळणी चौकी’, झाडावर असेल तर ‘मचाण’. ‘मनोरा’ फक्त खरोखर लाकडी किंवा पोलादी मनोरा उभारलेला असेल तेव्हाच. तुमचं वाक्य असं होईल: ‘१९१३ साली हॅली डॅगेट यांची वणव्याच्या टेहळणीवर नेमणूक झाली. अमेरिकी वनखात्याने या कामावर नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री.’