दिराच्या बँक खात्याचा उतारा कोर्टामार्फत मागवता येतो का?

वैदेही_के:
पोटगीचा अर्ज फॅमिली कोर्टात चालू आहे. नवऱ्याने शपथपत्रात लिहिलंय, धंदा बंद, उत्पन्न शून्य. पण त्याच्याच बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याच्या सुरुवातीला दिराच्या खात्यावर पैसे वळते झालेत. मुलाची फीसुद्धा अचानक काकाच भरायला लागला! दीर केसमध्ये पक्षकार नाही. वकील म्हणतात "बघू". हे "बघू" ऐकून कान किटले.

निवृत्त_शिरस्तेदार:
ताई, मागवता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16 खाली तिऱ्हाइतालाही समन्स निघतं, आणि नियम 6 प्रमाणे नुसते कागद हजर करण्यापुरतंही. दिराला पिंजऱ्यात उभं करायलाच हवं असं नाही.

पण आधी नवऱ्याला धरा. रजनेश विरुद्ध नेहा (2020) या निकालानंतर मालमत्ता आणि देणी दोघांनाही शपथेवर सांगावी लागतात. आदेश 11 खाली लेखी प्रश्नावली द्या: हे पैसे कशाचे? त्याने टोलवाटोलवी केली, की दिरापर्यंत जायला कारण मिळालं.

आणि अर्ज आखूड ठेवा. "दिराची सर्व खाती, मागची दहा वर्षं" असं लिहिलेले अर्ज टेबलावरून जाताना मी पुष्कळ पाहिलेत. समोरचा वकील "रोव्हिंग इन्क्वायरी" (काही सापडतंय का म्हणून केलेली मोघम शोधाशोध) म्हणाला की संपलं. ज्या खात्यात पैसे गेले तेवढंच खातं, तेवढाच काळ. सोबत नवऱ्याच्या उताऱ्याची झेरॉक्स, त्या नोंदींवर हायलायटर मारून.

एकटा_शिलेदार:
मग बायकोच्या मित्राचे कॉल रेकॉर्डही मिळतील ना?

निवृत्त_शिरस्तेदार:
तिथे जपून. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये अशाच प्रकरणात तिऱ्हाइताच्या मोबाइलचं टॉवर लोकेशन मागवायचा आदेश रद्द केला, त्याच्या खासगीपणाच्या हक्कावर. दिल्लीत 2023 मध्ये हॉटेलच्या नोंदी मागवायचा आदेश टिकला, पण तिथे बायकोचा रोख नवऱ्याच्याच मुक्कामावर होता. संशय तुमचा आणि फोन दुसऱ्याचा, हे कोर्टाला सहसा पटत नाही.

वैदेही_के:
काका, समन्स दिराला काढायचं की बँकेला?

निवृत्त_शिरस्तेदार:
बँकेला. 1891 च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याप्रमाणे दाखला जोडलेली नक्कल आली की दिराला "हा कागद खोटा" म्हणायला फारशी जागा उरत नाही. फक्त साक्षीदार भत्ता वेळेत भरा. तो जमा नाही म्हणून समन्स टेबलावरच पडून राहतं आणि पुढची तारीख लागते.