मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल प्लेऑफमध्ये चोवीसवी टीम आत, अकरावी बाहेर, मुलाला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, आम्ही साउथ बेंडला राहतो, नोटर डेम विद्यापीठाच्या अगदी दारात म्हणा ना, आणि घरात फुटबॉल आणला तो माझ्या दहा वर्षांच्या मुलाने. ७ डिसेंबर २०२५ च्या रविवारी प्लेऑफच्या, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीच्या, बारा टीम जाहीर होणार म्हणून तो वही घेऊन टीव्हीसमोर बसलेला, एक ते बारा आकडे घालून, दहाव्या ओळीत नोटर डेम पेन्सिलीने आधीच लिहिलेलं. यादी आली तर दहावी मायामी, अकरावी टुलेन, बारावी जेम्स मॅडिसन. खोडून खोडून कागद फाटला त्याचा. नीट जेवला पण नाही. सारखं एकच, आई, रँकिंगमध्ये आपण अकरावे ना, मग चोवीसवी जेम्स मॅडिसन आत कशी?

मला क्रिकेट कळतं हो, रणजीत गटात पहिले दोन आले की पुढे, पॉइंट्स टेबल बघितलं की झालं. इथे समिती बसून रँकिंग लावते आणि वर कॉन्फरन्सच्या, म्हणजे टीमांच्या गटांच्या, चॅम्पियनना राखीव जागा. तेही समजून घेतलं तर ड्यूक एसीसी नावाच्या कॉन्फरन्सची चॅम्पियन, ती पण बाहेर! मग नियम नक्की काय आहे? जाणकारांनी सोपं करून सांगा प्लीज, मला त्याला चुकीचं काही सांगायचं नाहीये.

प्रतिसाद १
ताई, २०२५ च्या नियमात राखीव जागा ठराविक कॉन्फरन्सला नव्हत्या, सगळ्या चॅम्पियनमधल्या रँकिंगने वरच्या पाच जणींना होत्या. इंडियाना, जॉर्जिया, टेक्सस टेक या तीन झाल्या, मग विसावी टुलेन आणि चोवीसवी जेम्स मॅडिसन. ड्यूक बरोबरीतल्या टीमांमधून टायब्रेकने एसीसीच्या फायनलला पोचली, व्हर्जिनियाला ओव्हरटाइममध्ये हरवलं, पण पाच मॅच हरलेली, पहिल्या २५ मध्येच नाही. उरलेल्या सात जागा रँकिंगने. नोटर डेम फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, म्हणजे चॅम्पियन व्हायची वाटच नाही, त्या सातातच बसायला हवं होतं. तरी मी म्हणेन चॅम्पियनला जागा हवीच. २०२३ मध्ये चारच टीम घ्यायचे तेव्हा फ्लोरिडा स्टेट १३-०, एसीसी चॅम्पियन, आणि क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जखमी झाला म्हणून बाहेर ठेवली. पोरांनी एकही मॅच हरली नव्हती, अजून आठवलं की त्रास होतो.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. २०२४ मध्ये चॅम्पियनना याहून जास्त मिळायचं, पहिले चारही बाय (पहिली फेरी न खेळता पुढे) त्यांनाच, त्यामुळे रँकिंगला नववी बॉयझी स्टेट तिसरं सीड (प्लेऑफमधला क्रमांक), बारावी अॅरिझोना स्टेट चौथं, आणि तिसरी असलेली टेक्सस पाचव्यावर. बायवाल्या चारही टीम पहिल्याच मॅचला हरल्या. २०२५ पासून बाय सरळ रँकिंगने, राखीव पाच जागा मात्र त्या वर्षी तशाच ठेवल्या होत्या. आणि मुलाला हेही सांगा की शेवटच्या आठवड्यापर्यंत नोटर डेम मायामीच्या वर होती. दोघींच्या मध्ये बीवाययू (ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी) होती, ती आपल्या कॉन्फरन्सची फायनल हरून खाली गेली, या दोघी शेजारी आल्या आणि मग या दोघींची सीझनच्या सुरुवातीची मॅच बघितली गेली, मायामी २७-२४ ने जिंकलेली.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. रात्री त्याला वहीत पाच चॅम्पियनभोवती चौकटी काढून दाखवल्या, ड्यूकचं लगेच पटलं. २७-२४ ऐकून मात्र गप्प झाला, ती मॅच त्याने जागून बघितली होती. मग म्हणाला, आई, आपण एखाद्या कॉन्फरन्समध्ये का जात नाही? याचं काय सांगू?