घरचे कागद आणि फोटो गूगलकडे ठेवायचे का? वडील नाही म्हणतात

फैजपूरकर
मागच्या महिन्यात मोटर चालू करायला गेलो, वाकलो आणि वरच्या खिशातला फोन विहिरीत. डुबुक् झालं, संपलं. फोनचं दुःख नाही, हप्ते फिटले होते. त्यात आईचे फोटो होते. तिला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या कानबाईला रोटांचा स्वयंपाक करताना काढलेले, दुसरी प्रत कुठंच नाही. आता बहिणीकडून, मामाकडून जे मिळाले ते गोळा केलेत.

म्हणून ठरवलं, सगळं गूगलवर चढवायचं. फोटो तर आहेतच, कपाटातली रेक्झिनची पिशवीही: सातबारा, खरेदीखतं, केळीच्या विम्याचे कागद, पासबुकं, वडिलांचे शुगरचे रिपोर्ट. वडील म्हणतात, "ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या हातात कपाटाची किल्ली देतो का?" त्यांना जुन्या काळातले म्हणून मोकळा झालो आणि रात्री मलाच झोप येईना. तुम्ही काय करता?

भुसावळ पॅसेंजर
बिनधास्त टाक भो. परवा सावद्याच्या बाजारात भजी घेतली. पुडी सोडली तर कागद म्हणजे कुणा बाईच्या आधारची झेरॉक्स, खाली सही आणि मोबाईल नंबर. तेलानं तिचा फोटो आरपार झाला होता. फॉर्म भरताना आपण तीन झेरॉक्स देतो, लागतात दोन, तिसरी रद्दीत. आपली माहिती फुटते ती इथून, अमेरिकेतून नाही.

आणि जानेवारी २०२१ आठवतो ना? व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या अटी आल्या, आता सगळं फेसबुकला देणार म्हणून बोंबाबोंब. आमचा भाऊबंदकीचा ग्रुप सिग्नल नावाच्या दुसऱ्या अ‍ॅपवर निघाला. पोहोचले सहा जण. पंधरा दिवसांत एक लग्नपत्रिका आली, ती व्हॉट्सअ‍ॅपवरच. सहाही परत.

अमळनेरची लेक
दादा, सहा जण परत आले यावरून व्हॉट्सअ‍ॅप भरवशाचं ठरत नाही, आपण अडकलोय एवढंच कळतं. त्याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. मान्य करा नाहीतर चालते व्हा, असा तो कारभार.

आणि चोरापासून राखणं वेगळं, राखणदारानं स्वतः न खाणं वेगळं. गूगलचं कुलूप भक्कम आहे, वाद नाही. पण लोकांनी 'लोकेशन हिस्ट्री' बंद केली तरी दुसऱ्याच एका सेटिंगखाली त्यांचा ठावठिकाणा जमा होत होता. पुढचं दार लावून घेतलं, मागचं सताड उघडं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवावं लागलं. फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीच्या अ‍ॅपमधून लोकांची माहिती निवडणूक प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे गेली, त्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात तर ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली असावी, हा खुद्द फेसबुकचा अंदाज. ते प्रश्नावलीचं अ‍ॅप उघडणारे त्यातले मूठभर. बाकीच्यांची माहिती त्यांच्या मित्रांमुळे गेली.

भुसावळ पॅसेंजर
पण पकडले गेले ना, ताई? ४० राज्यं मागं लागली. माझ्या भज्यांच्या कागदामागं कोण लागणार, तलाठी? फेसबुकला २०१९ मध्ये ५ अब्ज डॉलर मोजावे लागले. आमच्याकडच्या झेरॉक्सवाल्याला आजवर कुणी साधं विचारलंही नाही. जाहिरातींसाठी जीमेल वाचणं आम्ही थांबवतोय, असं गूगलनं २०१७ मध्ये जाहीर केलं, ते काही त्यांना पाझर फुटला म्हणून नाही. लोक बिचकले तर धंदा बसतो. मला त्यांच्या चांगुलपणावर भरवसा नाही, त्यांच्या धंद्यावर आहे.

साक्रीवाला आबा
मन्हा फोनमा काय शे? कांदाना भाव आनि नातूसना फोटू. ते कोन कसाले चोरी?

चाळीसगाव लोकल
आबा, तुमचं काही नसेल, पण तुमच्या फोनात आमचे नंबर आहेत. माझ्या मावसभावानं एका कर्जाच्या अ‍ॅपवरून सात हजार घेतले. उघडताना कॉन्टॅक्टची परवानगी मागितली, यानं न वाचता 'हो' दाबलं. हप्ता चार दिवस चुकला. फोन त्याला आलाच नाही, त्याच्या सासऱ्याला आला. मग मेहुण्याला, मग ट्रॅक्टरवाल्याला. दिवाळीला पोरगा सासुरवाडीला गेला नाही.

पुढं सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा अ‍ॅपना कॉन्टॅक्ट आणि गॅलरीत हात घालायला मनाई केली. तोवर सगळ्या गावाला कळून चुकलं होतं.

भुसावळ पॅसेंजर
हेच तर म्हणतोय मी. भुरट्या अ‍ॅपपेक्षा मोठी कंपनी परवडली.

अमळनेरची लेक
मोठ्याला दंड होतो, पण तो जातो कुणाच्या खिशात? २०२३ चा आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघा. दंड २५० कोटींपर्यंत, ऐकायला जोरदार. पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात त्यातला रुपया नाही. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढं दीड वर्षाची सवलत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये. हिशोब करा.

मिरची पथारी
मी नंदुरबारला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. रडत येणारी माणसं रोज बघतो, पण 'कंपनीनं माझे फोटो पाहिले' म्हणून आजवर कुणी रडलं नाही. रडतात ते 'खातं उघडत नाही' म्हणून. जुना नंबर बंद पडलेला, पासवर्ड पुतण्याला माहीत, आणि पुतण्या सुरतला.

याहून वाईटही होतं. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापानं आजारी लेकराचा फोटो काढला, डॉक्टरांनाच दाखवायला. तो आपोआप गूगलवर चढला, यंत्रानं त्याला मुलांचं अश्लील चित्र ठरवलं आणि खातं बंद. पोलिसांनी तपासून गुन्हा नाही म्हटलं, तरी खातं मिळालं नाही. ईमेल, फोटो, फोन नंबरसुद्धा गेला, कारण नंबरही गूगलच्याच मोबाईल सेवेचा. वाद घालायचा तर समोर माणूस नाही. आपल्याकडं तलाठी निदान चहाच्या टपरीवर तरी सापडतो.

तेव्हा फैजपूरकर, आधी कागदांची वाटणी कर. सातबारा गट नंबरवरून सरकारच्या महाभूलेख साइटवर कुणीही पाहू शकतो, त्याची कसली लपवाछपवी? खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे आहेच. जपायचे ते शुगरचे रिपोर्ट आणि बँकेचे कागद. आणि खातं वडिलांच्या नावानं काढणार असशील तर अधूनमधून उघडत जा. दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल पुसू शकतं. वर्षातून एकदा 'टेकआउट'नं सगळं उतरवून घरच्या डिस्कवर घे.

भुसावळ पॅसेंजर
हे पटलं. तरी भजी लक्षात ठेवा.

फैजपूरकर
सगळ्यांचे आभार. केलं ते सांगतो. सातबारा, खरेदीखत, विम्याचे कागद गूगल ड्राइव्हवर. रिपोर्ट आणि पासबुकं स्कॅन करून दोन पेनड्राइव्हवर घेतली, एक पाचोऱ्याला बहिणीच्या घरी. खातं माझ्याच नावानं. फोटो सगळे गूगलवर.

अमळनेरची लेक
म्हणजे सातबाऱ्यावर एवढी चर्चा झाली आणि घरातली माणसंच दिली की! फोटो नुसते पडून राहत नाहीत, भाऊ. ते यंत्र चेहरे वेगळे काढतं, कोण कुणासोबत, कुठल्या गावी, सगळं लावून ठेवतं. निदान सेटिंगमध्ये जाऊन चेहऱ्यांचे गट तरी बंद कर.

फैजपूरकर
ताई, काल तेच बंद करायला बसलो होतो. वडील शेजारी होते. स्क्रीनवर गोल गोल चकत्यांत एकेकाचा चेहरा, त्यात आईचा दिसला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. एकशे बारा फोटो आले. मामाच्या लग्नातल्या तीन-चारांत ती मागं पंगतीत वाढतेय, कुणाच्या तरी खांद्याआडून अर्धीच. त्या फोटोंत ती आहे हे मलासुद्धा माहीत नव्हतं. वडिलांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.

सेटिंग अजून तसंच चालू आहे.