११ ते १४ वयाच्या मुलांचं मौन शिबिर : एकटं पडणाऱ्या मुलाला ते आपलं कसं वाटेल?

खळ्यातली मावशी

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. प्रश्न नीट कळावा म्हणून थोडं मागचं सांगते.

माझी लेक अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असते. नातू तिथल्या क्वेकरांच्या शाळेत जातो. आम्ही क्वेकर नाही. त्या शाळेतली बरीच मुलंही क्वेकर नाहीत. नातू बारा वर्षांचा होता तेव्हा तिथल्या क्वेकर मंडळींनी सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शनिवार-रविवारचं निवासी शिबिर ठेवलं. स्वयंपाकाला माणूस कमी पडत होतं, म्हणून मी गेले. अठ्ठावीस मुलांची मुगाची खिचडी केली. पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून बोलावलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबत्यांपासून सुरू झालेला ख्रिस्ती पंथ. ते स्वतःला फ्रेंड्स म्हणवतात. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, त्याचं ऐकायला मधे कुणी लागत नाही, ही त्यांची धारणा. मौन बैठका घेणाऱ्या त्यांच्या शाखेत पाद्री नसतो, प्रवचन नसतं. सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो थोडक्यात बोलतो, त्यावर कुणी उत्तर देत नाही, पुन्हा शांतता. शेवटी शेजारच्याशी हात मिळवतात, बैठक संपते.

त्या रात्री दिवे मालवले, मधे एक मेणबत्ती. मुलं जमिनीवर आडवी-तिडवी पसरलेली. कुणी कुणाला 'ताठ बस' म्हटलं नाही. दिवसभर टवाळी करणारा एक मुलगा अंधारात म्हणाला, "माझा कुत्रा मेला त्याला वर्ष झालं. त्याचं भुंकणं कसं होतं ते मला आता आठवेनासं झालंय." बस, एवढंच. कुणी सांत्वन केलं नाही. सकाळी न्याहारीला मात्र त्याच्या बाकावर जागा उरली नव्हती. भजन रंगतं तशी शांतताही रंगते, हे मी तिथे पाहिलं.

गेल्या मे महिन्यात हेच आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, करून पाहिलं. दोन रात्री, एकोणीस मुलं. नऊ आमच्या वाडीतली, सहा मुंबई-ठाण्याहून सुट्टीला आलेली, चार बंदरावरची. वेळापत्रक आखलं होतं, खेळ होते, संध्याकाळी समुद्रावर वीस मिनिटं मौन. पहिल्या संध्याकाळी पाचव्या मिनिटाला खुसखुस सुरू झाली आणि मग थांबलीच नाही. मुंबईची मुलं आपापसात हिंदी-इंग्रजीत बोलायला लागली की वाडीतली मुलं मिटून जात. माझ्यासमोर मुलं दोन टोळ्या करून बसली होती.

आणि एक मुलगी कुठल्याच टोळीत नव्हती. बंदरावरची, बारा वर्षांची. दोन्ही दिवस दुपारी ती परसातल्या विहिरीच्या कठड्याला टेकून एकटी बसलेली मला मागीलदारातून दिसत होती. माझे हात पिठात. निघताना ती "येते" म्हणाली नाही. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुन्हा शिबिर घ्यायचं आहे. या वयाच्या मुलांना आपण इथले आहोत असं वाटावं म्हणून नेमकं काय करायचं? आणि पालक विचारतात, "हे कुठल्या धर्माचं?" त्यांना काय सांगू?

देवगडचा, सध्या पुण्यात

मावशी, मी आता सव्वीस वर्षांचा आहे. बाबांच्या नोकरीमुळे अकरा ते चौदा वय मेरीलँडमध्ये गेलं आणि अशा पाच शिबिरांना मी मुलगा म्हणून गेलोय. तेव्हा मला इंग्रजी समजायचं पण बोलायला तोंड उघडायचं नाही. म्हणजे तुमच्या विहिरीजवळच्या मुलीची जागा मला माहीत आहे.

मौनाबद्दल नंतर बोलू. आधी दुपारी एक ते चार तुमच्याकडे काय होतं ते बघा. वेळापत्रकात तिथे 'विश्रांती' लिहिलेलं असणार. मूल एकटं पडतं ते तिथेच. खेळात प्रत्येकाला काम असतं, मौनात सगळेच गप्प असतात. पण जेवण झालं, ताटं उचलली, आता कुणाजवळ जायचं, हा एक मिनिट मला दर वेळी डोंगराएवढा वाटायचा.

तिकडे मोठ्यांना 'फ्रेंडली अ‍ॅडल्ट प्रेझेन्स' म्हणतात. त्यांचं काम शिकवणं नसतं, जवळपास असणं असतं. एक उंच आजोबा होते, ते जेवणानंतर मुद्दाम भांडी घासायला उभे राहायचे आणि मला एक फडकं द्यायचे. "तुला कसं वाटतंय" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. आम्ही पुसत राहायचो. तिसऱ्या दिवशी मीच बोलायला लागलो. तेव्हा मावशी, स्वयंपाकाला वेगळी माणसं ठेवा, तुम्ही खळ्यात राहा. किंवा त्याहून बरं, मुलांनाच स्वयंपाकात घ्या. नारळ खवायला दोन विळ्या आणि चार मुलं लावली की ती बोलतातच.

एक खेळ सांगतो, भाषा लागत नाही. सगळे गोलात बसतात, एक जागा कमी. मधला म्हणतो, "वारा सुटलाय त्यांच्यासाठी, ज्यांनी आज आंबा खाल्ला!" ज्यांना लागू असेल त्यांनी उठून दुसरी जागा पकडायची. आधी आंबा, चप्पल, धाकटा भाऊ. हळूहळू मुलं स्वतःच "ज्यांना रात्री घरची आठवण आली" इथवर येतात. मी पहिल्यांदा उठलो तेव्हा माझ्याबरोबर अकराजण उठले होते.

नियम मुलांना ठरवू द्या, पण मतदान नको. क्वेकर मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं ऐकून एकजण निर्णय लिहितो, मोठ्यानं वाचतो, सगळ्यांना पटला तरच तो पक्का. आमच्यात लिहिणारी तेरा वर्षांची मुलगी होती. एका शिबिरात आम्ही ठरवलं होतं की कुठल्याही गोलात एक जागा कायम रिकामी ठेवायची. कुणीही येऊन बसावं, विचारायला लागू नये. हे मोठ्यांनी सांगितलं असतं तर आम्ही पाळलं नसतं.

आणि पहिल्या संध्याकाळी वीस मिनिटं नकोत. तीन मिनिटं करा, हसू आलं तर हसू द्या. मौनाच्या आधी एक साधा प्रश्न देऊन बोलायचा गोल घ्या : ज्याला त्याला एकदाच संधी, फक्त स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलायचं नाही, आणि 'पुढे' म्हणून सोडून द्यायची पूर्ण मुभा. मी पहिल्या दोन शिबिरांत दर वेळी 'पुढे' म्हटलं. कुणी भुवई उंचावली नाही, म्हणून तिसऱ्याला गेलो.

राहिलं एक, ते विसरू नका. कुठल्याही मुलासोबत मोठं माणूस एकटं बंद खोलीत नसावं, कायम दोघं असावीत. मुलामुलींची झोपायची सोय वेगळी. हे पालकांना आधीच लिहून द्या. ओळखीच्या गावातही द्या.

हर्णै बंदर

तुमचा पालकांचा प्रश्न वाचला. मी मुसलमान आहे, घरी कोकणी बोलतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. शिबिरं बरीच असतात, पण सुरुवातीला दीपप्रज्वलन, शेवटी प्रार्थना, आणि मग माझा मुलगा हात जोडायचे की नाही या विचारात अर्धा दिवस घालवतो. त्याला तिथे कुणी वाईट वागवत नाही. तरी तो पाहुणाच राहतो.

गप्प बसायला मात्र त्याला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून पालकांना खरं तेच सांगा : ही पद्धत क्वेकर नावाच्या ख्रिस्ती लोकांकडून घेतली आहे, इथे कुणाला धर्म शिकवला जाणार नाही, मूल मौनात ज्याचं स्मरण करतं ते त्याचं. पहिलं वाक्य लपवू नका. नंतर कळलं तर गावात बोलणं होईल आणि पुढच्या वेळी कुणी मूल पाठवणार नाही.

माझ्या मुलासाठी एक कोपरा आणि संध्याकाळची पाच मिनिटं. सूर्य मावळला की मगरिबच्या नमाजाची वेळ असते, तेव्हा तुमचं मौन त्याच्या जरा आधी संपलं तर बरं. मटण-चिकन ठेवूच नका, डाळ-भात, सोलकढी पुरे. मग हलाल आहे का, हे त्याला चारचौघांत विचारावं लागणार नाही.

कणकवलीचा निवृत्त विज्ञानशिक्षक

मावशी, मुलं तुम्हाला काय म्हणत होती? 'बाई' म्हणत असतील तर ती शाळाच झाली.

हे मी उगाच विचारत नाही. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत मोठ्या माणसाला 'यू' आणि बरोबरीच्याला किंवा खालच्याला 'दाऊ' म्हणायची रीत होती. आपल्या तुम्ही-तू सारखीच. क्वेकर सगळ्यांना सरसकट 'दाऊ' म्हणायचे, न्यायाधीशालाही. त्याच्यापुढे टोपीही काढायचे नाहीत. त्यापायी तुरुंगात गेले. आमच्या घरी मालवणीत आजोबांनाही 'तू'च होतं, "आजो, तू जेवलंस?" आणि त्यात अनादर कुणाला वाटला नाही. तुमच्या शिबिरात मुंबईच्या मुलांची प्रमाण मराठी, वाडीची बोली, बंदरावरची बोली, आणि वर हिंदी-इंग्रजी. ज्याची बोली खळ्यात ऐकू येत नाही ते मूल गप्प होतं. तुम्ही मराठीच्या शिक्षिका, मुलं तुमच्यासमोर शुद्ध बोलायला जातात आणि अडतात. पहिल्या रात्री तुम्हीच तुमच्या घरच्या बोलीत बोला. प्रमाण मराठी दोन दिवस पेटीत ठेवा.

दुसरं. मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ, म्हणजे आताच्या नर्मदापुरमजवळ, रसुलियाला क्वेकरांचं फ्रेंड्स रूरल सेंटर आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीचं काम केलेल्या मार्जरी साइक्स याही क्वेकर, पुढे त्या रसुलियाला राहिल्या. याच केंद्रानं किशोर भारती या संस्थेबरोबर १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. सहावी ते आठवी, म्हणजे तुमचीच मुलं. व्याख्या पाठ करायच्या नाहीत, प्रयोग स्वतः करायचा, दिसलं ते लिहायचं, चारजणांच्या टोळीत त्यावर बोलायचं. त्यांच्या पद्धतीवरून मी माझ्या वर्गात चार-चारच्या टोळ्या केल्या आणि एक गोष्ट पाहिली : मागच्या बाकावरचं, कधी न बोलणारं मूल फुलाची पाकळी सोलताना मान वर करून "सर, ह्या बघा" म्हणतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी त्याचं स्वतःचं असतं तेव्हा. माझ्या मते मौनाची तयारीही तिथूनच होते. आधी बघणं, मग गप्प बसणं. डोळे मिटायला लावू नका. या वयात डोळे मिटायला सांगितलं की मुलांना आपल्याकडे कोण बघतंय याचीच भीती वाटते.

मंडणगडवाली

वर सर म्हणाले त्याला दुजोरा. वेळासला मार्चमध्ये कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा पुळणीवर पन्नास मुलं असली तरी आवाज नसतो. कुणी गप्प करत नाही. पिल्लू लाटेपर्यंत पोचेतो सगळी श्वास धरून उभी असतात. बघायला काही द्या.

खळ्यातली मावशी

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. देवगडच्या बाळा, तू फडक्याचं लिहिलंस ते वाचून मी उठून परसात जाऊन आले. एक ते चार मी चुलीपाशी होते, हे खरं. पुढच्या वेळी चूल माझी जाऊबाई आणि शेजारच्या दोघी बघणार आहेत, नारळ मुलं खवतील.

सर, मुलं मला 'बाई'च म्हणत होती. आता 'मावशी' म्हणायला सांगेन, आणि 'तू'. माझ्या आईची संगमेश्वरी मी चाळीस वर्षांत बोलले नाही, जमतंय का बघते.

हर्णैच्या भाऊ, पालकांसाठी पत्र लिहिलंय, तुमचं पहिलं वाक्य त्यात पहिलंच आहे. मुलाला पाठवा. कोपरा ओटीवर, पश्चिमेकडचा.

समुद्रावरचं मौन का फसलं तेही आता लक्षात आलं. त्या दिवशी अष्टमी होती, सूर्यास्ताला भरती. पुळण उरलीच नव्हती, मुलं रस्त्याकडेला, भेळेच्या गाडीशेजारी बसली होती. आता त्रिपुरी पौर्णिमेला लागून येणारा शनिवार-रविवार धरलाय. पौर्णिमेला संध्याकाळी ओहोटी असते, ओली पुळण लांबपर्यंत मोकळी मिळेल. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, सूर्य टेकायच्या आधी, डोळे उघडे.

आणि काल मी त्या मुलीच्या घरी फोन केला. आई म्हणाली, "तिलाच देते." मी सरळ म्हटलं, तू दोन दिवस विहिरीपाशी एकटी होतीस, मला तुझ्याजवळ यायला हवं होतं, आले नाही, माझं चुकलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्या विहिरीत कासव आहे. माहितीये ना?"

माहीत आहे. सासऱ्यांनी सोडलेलं, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. पण मी ते कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. ती म्हणाली, हलायचं नाही, बोलायचं नाही, मग ते वर येतं. पहिल्या दिवशी दोनदा आलं, दुसऱ्या दिवशी पाच वेळा. मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीस? "कुणी विचारलंच नाही. आणि सगळी आली असती तर ते वर आलं नसतं."

येणार का पुन्हा, असं विचारलं. येते म्हणाली. विहिरीवर जाळी आहे, तरी एक मोठं माणूस तिथे राहील असं मी तिला सांगितलं. ते तिला चाललं. बाकीच्यांना कासव दाखवायलाही ती तयार आहे, पण एका वेळी चारच जण, आणि कोण कधी ते ती ठरवणार.